शून्य रोधाचं बिल: लालबागखाली सुपरकंडक्टिंग केबल टाकली तर?

गेल्या गणपतीत आमच्या चाळीतला एक मुलगा, टी.वाय.ला फिजिक्स घेतलेला, गॅलरीत उभा राहून मला म्हणाला, "ताई, तू सुपरकंडक्टरवर काम करतेस ना? त्याचा रोध जर शून्य असतो, तर आपल्याकडच्या सगळ्या केबली त्याच्याच का टाकत नाहीत? वीज वायाच जाणार नाही!"

मला हसू आलं नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः सेमिनारमध्ये एका स्लाइडवर ठळक अक्षरांत "तोटा = 0" असं लिहून आले होते. सरांनी शांतपणे विचारलं, "अगं, आणि थंड ठेवायला लागणारी वीज कुठे दाखवलीस?" मी म्हटलं, "ती थोडीच असते सर." सर म्हणाले, "थोडी म्हणजे किती वॉट?" मला आकडा सांगता आला नाही. घरी येऊन तो काढला, तर त्यातही एक मोठी चूक केली. ती चूक काय होती हे पुढे सांगतेच, कारण तुमच्यापैकी बरेच जण तीच करणार आहेत!

तर आजचा विषय हा: सुपरकंडक्टर वापरून बनवलेली वीजयंत्रणा थंड कशी ठेवतात, त्याची किंमत किती आणि कोणत्या जागी ती किंमत परवडते.

आधी थोडी उजळणी

सुपरकंडक्टर म्हणजे आपल्या मराठी पुस्तकातला अतिवाहक. काही पदार्थ ठराविक तापमानाखाली थंड केले की त्यांचा रोध कमी होत नाही, तो नाहीसाच होतो. लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी 1908 साली हेलियम द्रवरूप केला आणि त्याच थंडाव्यात 1911 साली पाऱ्यामध्ये ही गोष्ट पाहिली. तापमान होतं सुमारे 4.2 केल्विन, म्हणजे शून्याखाली 269 अंश सेल्सिअस.

आपल्या मुंबईतही या विषयाचं काम जुनं आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये द्रवरूप हेलियम आणि नायट्रोजन तयार करून प्रयोगशाळांना पुरवणारी स्वतंत्र सुविधा आहे. 1994 साली तिथल्या संशोधकांनी आयआयटी मुंबईतल्या सहकाऱ्यांबरोबर यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या संयुगात सुमारे 12 केल्विनला अतिवाहकता दाखवली. पुढे टीआयएफआरच्याच गटाने शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात ती दाखवली, तीही केल्विनच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्म्यावर. हा शोध 2017 साली 'सायन्स' मासिकात छापून आला.

पदार्थविज्ञान म्हणून दोन्ही शोध मोठे. पण यांची वीजवाहक केबल कोणी करणार नाही, कारण तितक्या खाली किलोमीटरभर लांबीची वस्तू ठेवणं परवडत नाही. केबलींचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो 1987 नंतर. त्या वर्षी यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड हा पदार्थ 93 केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो असं दिसलं. द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो. म्हणजे हेलियम सोडून नायट्रोजनवर काम भागणार होतं, आणि नायट्रोजन तर हवेतच 78 टक्के आहे.

77 आणि 4 यांत एवढा फरक का?

इथे बारावीची ऊष्मागतिकी कामाला येते. थंड जागेतून उष्णता उपसून बाहेरच्या गरम हवेत टाकायची तर काम करावं लागतं. कार्नोचा नियम सांगतो की 1 वॉट उष्णता उपसायला कमीत कमी किती वॉट लागतील: बाहेरचं तापमान वजा आतलं तापमान, भागिले आतलं तापमान. तापमान अर्थातच केल्विनमध्ये.

बाहेर 300 केल्विन धरा. आत 77 असेल तर 223 भागिले 77, म्हणजे साधारण 2.9 वॉट. आत 4.2 असेल तर साधारण 70 वॉट. हे झालं आदर्श यंत्राचं. खरी यंत्रं यापेक्षा कितीतरी मागे असतात. नायट्रोजनच्या तापमानाला प्रत्येक वॉटमागे 10 ते 20 वॉट आणि हेलियमच्या तापमानाला काहीशे वॉट लागतात. या लेखापुरता आपण नायट्रोजनसाठी 15 हा आकडा धरू.

कोणी म्हणेल, मुंबईच्या उकाड्यात हे आणखी महाग पडेल. मीही तेच समजत होते. हिशेब करून बघा: बाहेर 10 अंश असलेल्या गावात 70 केल्विनसाठी आदर्श आकडा 3.04 येतो, बाहेर 35 अंश असतील तर 3.4. फरक सुमारे बारा टक्के. लागतो, पण त्यावर योजना उभी किंवा आडवी होत नाही.

मग हेलियम इतका महाग असूनही परळच्या रुग्णालयांतली एमआरआय यंत्रं त्यावर कशी चालतात? त्यांच्या चुंबकात धारा एकाच दिशेने, एकदा सोडली की फिरत राहते. बाहेरून आत येणारी उष्णताही फार थोडी असते, कारण यंत्र एका खोलीत मावतं. किलोमीटरभर केबलीला ही सोय नाही.

उष्णता आत येते कुठून?

ससून डॉकला मासळीवर टाकायची बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली तुम्ही पाहिली असेल. 1830च्या दशकात तर बोस्टनहून जहाजाने मुंबईत बर्फ येत असे, महिनोन्महिने समुद्रातून, अशाच भुशात. निम्मा वाटेत वितळायचा, निम्मा पोचायचा. थंडावा टिकवण्याचं सगळं शास्त्र त्या भुशातच आहे. उष्णता येतच राहणार, आपण फक्त तिचा वेग कमी करतो.

सुपरकंडक्टिंग केबलीत भुशाऐवजी क्रायोस्टॅट असतो. म्हणजे एकात एक बसवलेल्या, पन्हाळीदार स्टीलच्या दोन लवचिक नळ्या. त्यांच्यामध्ये निर्वात पोकळी आणि चकचकीत पातळ पत्र्यासारख्या फिल्मचे पुष्कळ थर. आतल्या नळीत केबल आणि तिच्याभोवती वाहता द्रव नायट्रोजन. हा लांबलचक थर्मासच समजा. तरीही उष्णता तीन वाटांनी आत येते.

पहिली वाट म्हणजे थर्मासच्या भिंतीतून होणारी गळती. चांगल्या क्रायोस्टॅटमध्ये दर मीटरला साधारण 1 ते 2 वॉट. ही दिवसरात्र चालू, केबलीतून वीज वाहो वा न वाहो.

दुसरी वाट अनेकांना धक्का देते. रोध शून्य असतो तो एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेला. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे केबलीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतं. हे क्षेत्र सुपरकंडक्टरमध्ये शिरतं, अडकतं, पुन्हा ओढून काढलं जातं, आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता सोडून जातं. याला एसी लॉस म्हणतात. धारा वाढली की तो झपाट्याने वाढतो, ढोबळमानाने धारेच्या घनाच्या प्रमाणात.

तिसरी वाट म्हणजे केबलीची टोकं. कुठेतरी ही थंड केबल साध्या गरम तांब्याला जोडावी लागतेच. आणि जे तांबं वीज चांगली वाहून नेतं तेच उष्णताही चांगली आत आणतं. तांबं जाड करा, उष्णता जास्त येते. बारीक करा, ते स्वतःच तापतं. मधला उत्तम आकार काढला तरी 300 वरून 77 केल्विनला जाताना दर हजार अँपिअरला सुमारे 45 वॉट आत येतातच. तीन फेजच्या केबलीला दोन टोकांची मिळून अशी सहा तोंडं असतात, म्हणजे हजार अँपिअरला 270 वॉट. एक किलोमीटर केबलीत हा आकडा फार नाही. पण केबल शंभर मीटरची असेल तर टोकंच जवळजवळ बाकी सगळ्याइतकं खातात.

आता माझी चूक

दादरपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी 33 किलोव्होल्टची, हजार अँपिअरची एक केबल कल्पनेत टाकू. म्हणजे जवळपास 57 एमव्हीए.

साधी केबल: 1000 चौरस मिलिमीटर तांब्याची. गरम झाल्यावर तिचा रोध किलोमीटरला साधारण 0.022 ओहम. हजार अँपिअरला एका फेजमध्ये दर मीटरला 22 वॉट, तिन्ही फेज मिळून 66 वॉट.

सुपरकंडक्टिंग केबल: गळती दर मीटरला 2 वॉट, एसी लॉस पूर्ण भाराला 1 वॉट धरू. एकूण 3 वॉट, गुणिले 15, म्हणजे 45 वॉट. टोकांचा हिशेब तूर्त बाजूला.

66 विरुद्ध 45. मी खूश होऊन सरांकडे गेले. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "ही केबल चोवीस तास पूर्ण भारावर चालते का गं?"

इथे गडबड होती. मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट सारखी नसते. भार निम्मा झाला की तांब्यातला तोटा चौथाईवर येतो, कारण तो धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे 66 वरून साडेसोळा. सुपरकंडक्टिंग केबलीत एसी लॉस कमी होतो, पण गळतीचे 2 वॉट तसेच. त्यांचेच 30 वॉट, वर एसी लॉसचे साधारण 2, एकूण 32. म्हणजे निम्म्या भाराला शून्य रोधाची केबल तांब्याच्या जवळपास दुप्पट वीज खाते!

दोन्ही आलेख कागदावर काढले तर ते साधारण पाऊण भाराजवळ एकमेकांना छेदतात. त्याच्या वर सुपरकंडक्टर फायद्यात, त्याच्या खाली तांबं. आपल्या वाटणीची वीज वापरो न वापरो, थंडाव्याचं भाडं रोज द्यावंच लागतं. हे आकडे ढोबळ आहेत, क्रायोस्टॅट आणि यंत्र बदललं की छेदबिंदू सरकेल. पण असा छेदबिंदू असतो, ही गोष्ट माझ्या स्लाइडवर नव्हती.

मग लोक हे करतात तरी कशाला?

करतात. अमेरिकेत लाँग आयलंडवर 2008 साली 138 किलोव्होल्टची, सुमारे 600 मीटर लांबीची केबल ग्रिडला जोडली. जर्मनीत एसेन शहरात 2014 साली दोन सबस्टेशनांच्या मध्ये एक किलोमीटरची केबल सुरू झाली. दक्षिण कोरियात 2019 साली आणि शांघायमध्ये 2021 साली तशाच केबली चालू झाल्या. ही सगळी माणसं वरचा हिशेब न करता बसली नव्हती. त्यांना वीज वाचवण्यापेक्षा जागा वाचवायची होती.

एसेनची केबल 10 किलोव्होल्टची आणि 40 एमव्हीएची. भागाकार करून बघा, धारा 2300 अँपिअर येते. एवढी वीज नेहमी 110 किलोव्होल्टवर न्यायची पद्धत, म्हणजे भर शहरात 110 किलोव्होल्टचा मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायला जागा हवी. सुपरकंडक्टरमुळे तेवढीच वीज 10 किलोव्होल्टवर, एका बारीक केबलीतून नेता आली आणि शहराच्या मध्यातला तो ट्रान्सफॉर्मर टळला.

आता हे परळला लावून बघा. 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून निघालेली वीज परळला आली ती गिरण्यांसाठी. आज त्याच गिरण्यांच्या जागी टॉवर, ऑफिसं, मॉल उभे आहेत. वीज जास्त लागते आणि रस्ते मात्र तेवढेच रुंद. त्या रस्त्यांच्या पोटात पाण्याच्या लाइनी, गटारं, टेलिफोनच्या वायरी आणि जुन्या केबली आधीच दाटीवाटीने आहेत. गिरगावात मेट्रोसाठी काय काय उकरावं लागलं ते आपण बघितलंच.

आणि साध्या केबली शेजारी शेजारी चिकटवून टाकता येत नाहीत. त्या तापतात, ती उष्णता मातीतून बाहेर जायला अंतर सोडावं लागतं, नाहीतर प्रत्येकीची वहनक्षमता कमी करावी लागते. क्रायोस्टॅटमधली केबल मातीला तापवतच नाही. योग्य रचना केली तर तिचं चुंबकीय क्षेत्रही बाहेर जवळजवळ येत नाही. म्हणून अरुंद चरात पुष्कळ वीज, हा तिचा खरा उपयोग.

थंडावा गेला तर?

12 ऑक्टोबर 2020ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. ग्रिड कोलमडला, लोकल जागच्या जागी थांबल्या, बऱ्याच भागांत वीज यायला काही तास लागले. अशा वेळी सुपरकंडक्टिंग केबलीचं काय होईल? थंड करणारं यंत्रही विजेवरच चालतं. वीज परत आली तेव्हा केबल गरम झालेली असेल तर ती भार घेऊ शकणार नाही. अंधार संपायच्या वेळीच ती हात वर करेल.

म्हणून नायट्रोजन 77 केल्विनला उकळत ठेवत नाहीत. दाबाखाली ठेवून 67-70 केल्विनपर्यंत आणखी थंड करतात, म्हणजे हाताशी थोडी सवलत राहते. किती? दर मीटरला 2 लिटर नायट्रोजन धरू, म्हणजे साधारण 1.7 किलो. एक किलोला एक केल्विनने तापवायला सुमारे 2 किलोज्यूल लागतात. 68 वरून 74 केल्विनला जायला 6 गुणिले 3.4, म्हणजे वीस किलोज्यूल. धारा बंद असल्याने आत फक्त गळतीचे 2 वॉट येताहेत. भागाकार केला तर जवळपास पावणेतीन तास. धातूचं वस्तुमान धरलं तर थोडे अधिक. केबल भार घेत असताना नुसतं यंत्र बिघडलं तर मात्र दोन तासांच्या आतच.

याहून जास्त वेळ हवा तर साठा लागतो. एसेनमध्ये टाकीतला द्रव नायट्रोजन कमी दाबाखाली उकळवून केबलीतला नायट्रोजन थंड ठेवायची सोय केली होती. त्यात मोठा कॉम्प्रेसर लागत नाही, पण टँकर लागतो. आपल्या एक किलोमीटर केबलीचा पूर्ण भाराचा हिशेब: गळती 2000 वॉट, एसी लॉस 1000, टोकं 270. एक लिटर नायट्रोजन वाफ होताना सुमारे 160 किलोज्यूल उष्णता घेतो. म्हणजे दिवसाला साधारण 1800 लिटर.

आता आमच्या लालबागच्या गणेशोत्सवाचे दहा दिवस डोळ्यांसमोर आणा. त्या गर्दीत टँकर आत येणार कुठून? म्हणजे टाकी किमान 18 ते 20 हजार लिटरची हवी. ती ठेवायला जागा हवी, तीही उघड्यावर. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे 700 लिटर वायू होतो. बंद तळघरात गळती झाली तर ऑक्सिजन कमी पडून माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. पावसात पाणी भरणाऱ्या तळघरात तर ही यंत्रणा नकोच. जागा वाचवायला केबल टाकली आणि टाकीला जागा शोधत बसलो, असं व्हायला नको. म्हणून दोन्हींचा हिशेब एकाच कागदावर व्हायला हवा.

तुम्ही या विषयात येणार असाल तर

सुपरकंडक्टिव्हिटीत संशोधन म्हणजे नवा पदार्थ शोधणं, असा एक समज कॉलेजमध्ये पक्का असतो. तो सुंदर रस्ता आहेच. पण वीजयंत्रणेचा निकाल बऱ्याचदा दुसरीकडे लागतो: निर्वात पोकळी किती वर्षं टिकते, क्रायोकूलर न थांबता किती तास चालतो, 15चा आकडा 10वर आणता येतो का, टेपची रचना बदलून एसी लॉस निम्मा होतो का. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, कोणत्याही शाखेतून यात शिरता येतं. क्रायोजेनिक्सचं शिक्षण आणि संशोधन आयआयटी मुंबईत पवईला होतं, आणि टीआयएफआरसारख्या ठिकाणी द्रव हेलियम रोज हाताळणारी अनुभवी माणसं आहेत. पेपर वाचण्याइतकंच त्यांच्याशी बोलणं उपयोगी पडतं.

या विषयावरचा कोणताही पेपर हातात आला की मी आता पहिल्यांदा तीन आकडे शोधते. कोणत्या तापमानाला? त्या तापमानाला किती वॉट? आणि भिंतीतल्या प्लगमधून किती वॉट? तिसरा आकडा नसेल तर समासात प्रश्नचिन्ह काढते. माझ्या त्या जुन्या स्लाइडवर तिन्ही नव्हते.

चाळीतल्या त्या मुलाला मी वरचा सगळा हिशेब एका वहीच्या पानावर करून दिला. दोन दिवसांनी तो पुन्हा आला. "ताई, गळती 2 ऐवजी 1 वॉट केली तर छेदबिंदू निम्म्या भाराच्या थोडा वर येतो. मग गळती कमी करणं हाच विषय घ्यावा का?"

तुम्हीही करून बघा. दर मीटरला गळती 1 वॉट, बाकी आकडे तेच. तुमचा छेदबिंदू किती येतो, आणि एसी लॉस निम्मा केला तर तो किती सरकतो, हे दोन्ही काढा. दोन्हींपैकी कशाने जास्त फरक पडतो हे कळलं की संशोधनाचा विषय निवडायची सुरुवात झालीच म्हणा. पुढच्या लेखात निर्वात पोकळीबद्दल: ती बिघडते कशी, आणि जमिनीखाली गेल्यावर ते ओळखायचं कसं.